स्पर्शाचा क्लिक कधी होतो

सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत शेतीची कागदपत्रे गेल्या दोन दशकांत हळूहळू पडद्यावर आली आणि तो पडदाही टेबलावरच्या संगणकाचा न राहता खिशातल्या फोनचा झाला. महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा पाहायचा तर पुणे विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट क्रमांक अशी एकामागून एक निवड करत जावे लागते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने बांधावर उभे राहून आपल्या पिकाचे छायाचित्र स्वतः नोंदवायचे असते. कास पठारावर फुलांचा हंगाम आला की प्रवेशाची नोंदणीही ऑनलाइन होते. यांपैकी काही सेवा फोनमध्ये उतरवून घेतलेल्या ॲपमधून मिळतात, तर काही ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वेबपानांतून, पण सगळीकडे माणूस करतो ती क्रिया एकच, ती म्हणजे काचेवर बोट टेकवणे आणि उचलणे. प्रस्तुत प्रकरणात विचार केला आहे तो वेबपानांचा, कारण तेथे बोट आणि पान यांच्यामध्ये ब्राउझर हा तिसरा पक्ष उभा असतो आणि स्पर्शाचा अर्थ लावण्याचा पहिला अधिकार त्याचा असतो.

या भागाला फोनवरून शेतीचा व्यवहार करण्याचा अनुभव स्पर्शपडद्याच्याही आधीचा आहे. वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतीच्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे 70 गावांत 1998 साली ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला आणि गावातल्या केंद्रावर संगणक ठेवून ऊस उत्पादकांना कारखान्याकडची माहिती गावातच मिळावी अशी व्यवस्था करण्यात आली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला, ज्यात संगणकाची जागा साध्या मोबाइलने आणि एसएमएसने घेतली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ही पद्धत संगणकापेक्षा स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडलेली ठरली. त्या साध्या फोनला बटणे होती आणि बटणाच्या बाबतीत संदिग्धता जवळजवळ नसते, कारण ते एक तर दाबलेले असते किंवा नसते आणि दाबले गेल्याचे बोटालाही कळते. काचेने ही खात्री काढून घेतली. काचेवर टेकलेले बोट काही तरी निवडण्यासाठी आलेले असेल, पान वर सरकवण्यासाठी, अक्षर मोठे करण्यासाठी किंवा फोन हातात नीट धरताना चुकून लागलेले असेल. या चारही शक्यता पहिल्या क्षणी हुबेहूब सारख्या दिसतात.

काचेखाली काय घडते ते आधी पाहणे इष्ट ठरेल. आजच्या फोनचा पडदा धारितेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणधर्मावर चालतो. काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, आडव्या-उभ्या रेषांचे जाळे असते. शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट जवळ आले की त्या ठिकाणची धारिता किंचित बदलते आणि पडद्याचा नियंत्रक हा बदल सेकंदाला अनेक वेळा मोजून बोटाच्या ठशाचा मध्यबिंदू काढतो. अशा पडद्याची कल्पना इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटच्या ई. ए. जॉन्सन यांनी 1965 साली मांडली होती. या रचनेचे परिणाम शेतात लगेच दिसतात. द्राक्षबागेत फवारणीचे रबरी हातमोजे घालून केलेला स्पर्श सहसा ओळखला जात नाही, घट्टे पडलेल्या कोरड्या बोटाचा संकेत क्षीण पडतो आणि कासच्या रिमझिमीत काचेवर पडलेला थेंब मापनात गोंधळ उडवतो, कारण पाणीही धारिता बदलते. म्हणून स्पर्श हा मुळातच अंदाजाने काढलेला बिंदू असतो, आणि वेबपान लिहिणाऱ्याने आपल्याला मिळालेले सहनिर्देशक बोटाच्या हेतूचा अचूक पुरावा आहेत असे समजू नये.

नियंत्रकाने काढलेला हा बिंदू ब्राउझरकडे पोहोचल्यावर तो त्याचे रूपांतर इव्हेंटमध्ये करतो. इव्हेंट म्हणजे पानावर काही घडल्याची ब्राउझरने पानातल्या प्रोग्रामला दिलेली वर्दी, आणि ती वर्दी ऐकण्यासाठी नेमलेल्या प्रोग्रामच्या तुकड्याला लिसनर म्हणतात. बोट टेकल्यावर ‘टचस्टार्ट’, सरकल्यावर ‘टचमूव्ह’, उचलल्यावर ‘टचएंड’ आणि मध्येच फोन आला किंवा ब्राउझरने स्पर्श स्वतःच्या कामासाठी घेतला तर ‘टचकॅन्सल’ अशा चार वर्द्या मिळतात. त्यापाठोपाठ, हा स्पर्श साधी टिचकी होता असा निष्कर्ष निघाला, तर ब्राउझर माउससाठी लिहिलेल्या जुन्या पानांची गैरसोय होऊ नये म्हणून माउस हलल्याचे, दाबल्याचे आणि सोडल्याचे नकली इव्हेंट पाठवतो आणि सर्वांत शेवटी ‘क्लिक’ पाठवतो. हा क्रम या विषयाचा गाभा आहे. चावडीत साक्ष पुरी ऐकल्याशिवाय निवाडा होत नाही, तसा ब्राउझर स्पर्शाचा आरंभ, हालचाल आणि शेवट पाहून मगच क्लिकचा निर्णय देतो. बोट ठरावीक अंतरापेक्षा जास्त सरकले तर तो स्पर्श पान सरकवण्याचा मानला जातो आणि क्लिक येतच नाही. टचस्टार्ट ही कच्ची बातमी असते, क्लिक हा विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष असतो, आणि मोबाइलवरच्या बहुतेक तक्रारी कच्च्या बातमीवर पक्की कृती केल्यामुळे निर्माण होतात.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कच्च्या बातमीचा मोह का पडला, याला मात्र इतिहास आहे. जून 2007 मध्ये आयफोन बाजारात आला तेव्हा जगातली जवळजवळ सर्व पाने मोठ्या पडद्यासाठी आखलेली होती आणि ती छोट्या काचेवर वाचता यावीत म्हणून दोन टिचक्या मारल्या की मजकूर मोठा होण्याची सोय ब्राउझरमध्ये दिलेली होती. त्यामुळे पहिली टिचकी मिळाल्यावर दुसरी येते की काय हे पाहण्यासाठी ब्राउझरला सुमारे 300 मिलिसेकंद थांबावे लागे आणि तेवढ्या विलंबानेच क्लिक पानाकडे जाई. दाबल्यानंतर एक दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला तरच माणसाला तो तात्काळ वाटतो, हा संवादशास्त्रातला जुना ठोकताळा लक्षात घेतला तर त्याच्या तिप्पट वेळ जाणे म्हणजे पान जड वाटणे अपरिहार्य होते. यावर उपाय म्हणून अनेकांनी क्लिकची वाट न पाहता टचएंडवरच काम उरकण्याची पद्धत अवलंबिली. फायनान्शियल टाइम्स या लंडनच्या वृत्तपत्राच्या तंत्रविभागाने ‘फास्टक्लिक’ नावाची तयार प्रोग्रामची जोडणीच उपलब्ध करून दिली आणि ती जगभर वापरली गेली. काहींनी त्याहून कठोर उपाय केला, तो म्हणजे पान मोठे करण्याची मुभाच बंद करणे. या उपायाने विलंब गेला, पण चाळिशी लागलेल्या, बारीक अक्षर न दिसणाऱ्या वाचकाचा हक्कही गेला, आणि तो सौदा कधीच न्याय्य नव्हता. 2016 सालच्या दहाव्या आवृत्तीपासून आयफोनच्या सफारीने ही बंदी मानणेच सोडून दिले.

विलंबाचा प्रश्न ब्राउझर बनवणाऱ्यांनीच पुढे सोडवला. पानाची रुंदी फोनच्या रुंदीइतकी असल्याचे पानाने जाहीर केलेले असेल तर दोन टिचक्यांनी मोठे करण्याची गरज उरत नाही, हे ओळखून अँड्रॉइडवरच्या क्रोमने 2014 च्या आरंभी, म्हणजे 32 व्या आवृत्तीत, हा विलंब काढून टाकला आणि सफारीने मार्च 2016 मध्ये, आयओएस 9.3 पासून, तोच मार्ग धरला. त्यामुळे आज फास्टक्लिकसारखी जोडणी पानात ठेवणे निरुपयोगीच नाही तर उपद्रवीही आहे, आणि जुन्या पानांत ती राहून गेलेली असेल तर पहिल्या साफसफाईत काढून टाकावी.

उपद्रव नेमका कसा होतो हे एका कल्पित पानावरून नीट समजेल. एखाद्या साखर कारखान्याचे ऊसनोंदीचे वेबपान आहे असे धरावे. शेतकरी गट क्रमांक भरतो, लागणीचा प्रकार आडसाली निवडतो, जात को 86032 लिहितो, क्षेत्र 40 गुंठे टाकतो आणि ‘नोंद करा’ हे बटण दाबतो. पानावर एक चौकट उघडते, तीत भरलेली माहिती पुन्हा दाखवलेली असते आणि खाली ‘होय, बरोबर आहे’ असे बटण असते. ही चौकट ज्या जागी उघडली आहे, त्याच जागी खालच्या पानावर आधीच्या नोंदींची यादी आहे आणि ‘होय’च्या बरोबर खाली, चौकटीआड झाकलेले, मागच्या हंगामातल्या खोडव्याच्या नोंदीसमोरचे ‘काढून टाका’ हे बटण आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने वेग साधण्यासाठी ‘होय’ला टचएंडचा लिसनर लावला असून बोट उचलताच चौकट नाहीशी होते. बोट उचलले गेले, टचएंड आला, चौकट मिटली, नोंद पाठवली गेली. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु ब्राउझरचा क्लिक अजून यायचा आहे. तो काही क्षणांनी येतो तेव्हा त्या बिंदूवर ‘होय’ उरलेलेच नसते, तेथे ‘काढून टाका’ असते, आणि क्लिक त्याच्यावर पडतो. शेतकऱ्याने एकदाच बोट टेकवले, पण नवी नोंद झाली आणि जुनी पुसली गेली. या प्रकाराला भुताचा क्लिक म्हणतात. 300 मिलिसेकंदांच्या काळात तो हमखास घडे. आजही चौकट टचएंडवर मिटवली तर तो घडू शकतो, कारण विलंब आटला असला तरी क्रम तोच आहे.

यावर दोन उतारे आहेत. पहिला म्हणजे टचएंडच्या लिसनरमध्ये ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ ही आज्ञा देणे. ती दिली की ब्राउझर पुढचे नकली माउस इव्हेंट आणि क्लिक पाठवत नाही. परंतु मग पान सरकवताना उचललेले बोट, दोन बोटांनी केलेली चिमूट, बटणावर टेकून बाहेर ओढून नेलेले बोट या सर्वांतून खरी टिचकी वेगळी काढण्याची जबाबदारी पानावर येते, आणि हे काम ब्राउझरइतके चांगले पान कधीही करत नाही. दुसरा उतारा साधा आणि श्रेयस्कर आहे: चौकट क्लिकवरच मिटवावी. विलंब गेल्यामुळे क्लिकची वाट पाहण्यात आता काहीही गमवावे लागत नाही.

तरीही क्लिक पुरेसा नसलेली कामे असतात. गटाच्या नकाशावर बोटाने बांधाची रेषा काढणे, दोन बोटांनी नकाशा मोठा करणे, पडद्यावर सही करणे, यांत बोटाचा प्रवासच महत्त्वाचा असतो. या कामांसाठी ‘पॉइंटर इव्हेंट’ हा नवा संच आहे, ज्यात माउस, बोट आणि स्टायलस या तिन्हींना एकाच नजरेने पाहिले जाते. पॉइंटरडाउन, पॉइंटरमूव्ह, पॉइंटरअप आणि पॉइंटरकॅन्सल ही त्यांची मुख्य नावे. मायक्रोसॉफ्टने 2012 च्या इंटरनेट एक्सप्लोरर 10 मध्ये तो प्रथम आणला, फेब्रुवारी 2015 मध्ये डब्ल्यू3सी या वेबमानके ठरवणाऱ्या संस्थेने त्याला मान्यता दिली, आणि 2019 मध्ये सफारी 13 ने तो स्वीकारल्यावर सर्व प्रमुख ब्राउझरांत तो मिळू लागला. प्रत्येक बोटाला स्वतंत्र क्रमांक मिळत असल्यामुळे नकाशावर दोन बोटे असली तरी कोणते कुठे चालले आहे हे पानाला कळते. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा लागतो: टचस्टार्टवर दिलेली प्रिव्हेंट डिफॉल्टची आज्ञा क्लिकही थांबवते, तर पॉइंटरडाउनवर दिलेली तीच आज्ञा फक्त नकली माउस इव्हेंट थांबवते आणि क्लिक येतोच. जुना प्रोग्राम नुसती नावे बदलून नव्या संचावर आणणाऱ्यांना हा फरक फार त्रास देतो.

पान आणि ब्राउझर यांच्यात स्पर्शाची वाटणी कशी व्हावी, हे सीएसएस या पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतल्या ‘टच-ॲक्शन’ या गुणधर्माने आधीच सांगून ठेवता येते. सहीच्या चौकटीवर ‘नन’ लिहिले तर तेथील सर्व स्पर्श पानाचे होतात. आडव्या सरकणाऱ्या चित्रमालिकेवर ‘पॅन-वाय’ लिहिले तर उभे सरकवणे ब्राउझरकडे राहते आणि आडवी हालचाल पानाला मिळते. ही घोषणा केलेली नसेल तर सही करताना दोन अक्षरे उमटतात न उमटतात तोच ब्राउझर तो स्पर्श पान सरकवण्यासाठी घेतो, पॉइंटरकॅन्सल येतो आणि रेषा अर्धीच तुटते. वापरणाऱ्याला वाटते की फोन बिघडला; बहुतेक वेळा बिघाड या एका न लिहिलेल्या ओळीत असतो.

पान सरकवण्याचा वेग हाही याच वाटणीशी जोडलेला आहे. टचमूव्हला लिसनर लावलेला असेल तर तो प्रिव्हेंट डिफॉल्टची आज्ञा देतो की नाही हे कळेपर्यंत ब्राउझरला पान हलवता येत नाही, आणि स्वस्त फोनवर गावांची लांबलचक यादी बोटामागे अडखळत चालते. लिसनर ‘पॅसिव्ह’ असल्याचे सांगितले की तो नुसता पाहणार, अडवणार नाही, अशी हमी ब्राउझरला मिळते आणि पान लगेच हलते. 2017 च्या आरंभी क्रोमच्या 56 व्या आवृत्तीने संपूर्ण पानाला लावलेले टचस्टार्ट आणि टचमूव्हचे लिसनर आपोआप पॅसिव्ह मानायला सुरुवात केली.

स्पर्शाच्या लक्ष्याच्या, म्हणजे बोट जिथे टेकवायचे त्या बटणाच्या किंवा ओळीच्या, आकाराबद्दल सातारा-सांगलीच्या गावनावांइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. कराड तालुक्यात रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द ही दोन गावे आहेत आणि यादीत ती एकाखाली एक येणे स्वाभाविक आहे. ओळी दाटीवाटीने बसवल्या असतील तर बोटाचा ठसा दोन्ही नावांवर पडतो आणि मध्यबिंदू कोणत्या बाजूला झुकेल हे सांगता येत नाही. चुकीचे गाव निवडले गेले की गट क्रमांक सापडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच गावातला त्याच क्रमांकाचा गट सापडतो. ॲपलच्या मार्गदर्शनानुसार स्पर्शाचे लक्ष्य किमान 44 पॉइंट असावे, अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार 48 डीपी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या वेब सुलभतेच्या 2.2 या मानकाने मधल्या पातळीसाठी किमान 24 पिक्सेलची अट घातली आहे. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार येत असल्याने ओळींना तशीही अधिक जागा लागते, तेव्हा मराठी पानांनी या किमान आकड्यांवर समाधान मानू नये. गावांच्या यादीसाठी घरगुती बनावटीची सरकती चौकट करण्याऐवजी ब्राउझरची मूळ निवडयादी वापरली तर फोन ती स्वतःच्या पद्धतीने, मोठ्या ओळींत दाखवतो, आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध व्यक्तीलाही ती चालवता येते.

माउसचा बाण वर आणला की उघडणारे मेन्यू मोबाइलसाठी बाद समजावेत, कारण बोट काचेवर तरंगत नाही; आयफोनवर अशा मेन्यूला पहिली टिचकी उघडण्यात आणि दुसरी निवडण्यात खर्ची पडते.

दोनदा दाबले जाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण त्यात पैसे गुंतलेले असू शकतात. पाटण किंवा जावळीच्या डोंगरकुशीत रेंज ये-जा करत असते तेव्हा ‘नोंद करा’ दाबल्यावर पानावर काहीच हलले नाही, तर माणूस पुन्हा दाबतो, आणि त्यात त्याची काहीही चूक नसते. पहिल्या क्लिकबरोबर बटणाचा रंग बदलून ‘नोंद पाठवत आहे’ असे लिहिणे आणि उत्तर येईपर्यंत ते निष्क्रिय ठेवणे हा अर्धा उपाय झाला. उरलेला अर्धा सर्व्हरवर करावा लागतो: अर्ज उघडतानाच त्याला एक क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता आधीच्याच नोंदीची पावती परत पाठवावी. बोटाकडून शिस्तीची अपेक्षा करण्यापेक्षा हे काम यंत्राकडे देणे योग्य.

शेवटी, स्पर्श मागे घेण्याचा अधिकार. ‘रद्द करा’वर चुकून टेकलेले बोट न उचलता बाजूला ओढून नेले की काहीही घडू नये, ही अपेक्षा 2018 च्या सुलभता मानकात पहिल्या पातळीवरच नोंदवलेली आहे, आणि बटणाने टचस्टार्टवर वा पॉइंटरडाउनवर काम केले तर ती पुरी होऊच शकत नाही. क्लिकवर बांधलेल्या बटणाला हा अधिकार आपोआप मिळतो. कीबोर्डवरची एंटर कळ आणि टॉकबॅकसारख्या पडदावाचकाची दुहेरी टिचकीही त्याच क्लिकच्या वाटेने पोहोचते. म्हणून निर्णयाची कामे क्लिकवर, हालचालीची कामे पॉइंटर इव्हेंटवर आणि वाटणी टच-ॲक्शनने, हीच मांडणी आज ग्राह्य धरावी. पान तयार झाल्यावर ते कार्यालयातल्या महागड्या फोनवर पाहून न थांबता एखाद्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर, ओल्या बोटाने, उन्हात आणि एका हाताने चालवून पाहावे, आणि तेथे जे चुकेल ते दुरुस्त केल्याशिवाय ते शेतकऱ्याच्या हाती देऊ नये.